मुंबईच्या किनाऱ्यावरचा कचरा मोजताना : स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईत समुद्रकिनारा साफ करणाऱ्या स्वयंसेवकांची आता वानवा राहिलेली नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या साफसफाईची दखल जगाने घेतली आणि त्या कामासाठी अफरोज शाह यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, तर जुहूपासून गिरगावपर्यंत हातमोजे घातलेल्या विद्यार्थ्यांचे थवेच दिसतात. या सर्व मोहिमांच्या शेवटी ‘आज इतके टन कचरा उचलला’ असा एक आकडा जाहीर होतो. तो आकडा किनाऱ्यावर कचरा किती होता हे सांगत नाही, त्या दिवशी उचलणारे हात किती होते एवढेच सांगतो. या महिन्यात तीनशे जण आले आणि पुढच्या महिन्यात तीस, तर वजन घटणारच. त्यावरून समुद्र स्वच्छ झाला असे कोणी म्हणू नये.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. त्यानंतर माहीमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या स्ट्रॉ आणि थर्माकोल खरोखर कमी झाले का, या साध्या प्रश्नाचे उत्तर टनांच्या आकड्यातून मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी तीच जागा, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजलेली असावी लागते. हे काम चार-पाच चिकाटीची माणसे महिन्यातून एक सकाळ देऊन करू शकतात आणि त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत. ते कसे करावे याची ही माहिती आहे.

साठा मोजायचा की भर?

किनाऱ्यावरील कचऱ्याची मोजणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात त्या घटकेला वाळूवर पडलेला कचरा मोजून तेथेच ठेवतात. त्याला साठ्याची मोजणी म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात आखलेल्या पट्ट्यातील सर्व कचरा मोजून उचलून नेतात आणि ठरावीक दिवसांनी परत येऊन मधल्या काळात किती नवा कचरा आला ते पाहतात. ही भरीची मोजणी. दुसरा प्रकार अधिक बोलका असला तरी त्याची एक अट आहे : मधल्या काळात त्या पट्ट्यातून दुसऱ्या कोणीही कचरा उचलता कामा नये.

मुंबईत गाडे येथेच अडते. गिरगाव, दादर, जुहू यांसारख्या गर्दीच्या चौपाट्यांवर महापालिकेच्या कंत्राटदारांची माणसे आणि यंत्रे नियमितपणे साफसफाई करतात. तेथे मासिक भर मोजण्याचा आग्रह धरणे निरर्थक आहे, कारण जे दिसते ते शेवटच्या झाडूनंतर साचलेले असते. म्हणून अशा ठिकाणी साठ्याची मोजणी करावी, ती सफाई सुरू होण्याआधी उरकावी आणि ‘मागील सफाई केव्हा झाली’ हा रकाना प्रत्येक तक्त्यात न चुकता भरावा. ही माहिती मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या चौपाटीवरच्या सफाई मुकादमांशी ओळख करून घेणे. कोणत्या टोकाकडून काम सुरू होते, यंत्र कोणत्या दिवशी बंद असते, भरतीनंतर कचरा कोठे ढीग करून ठेवतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. भरीची मोजणी करायचीच असेल, तर मनोरी किंवा गोराईकडे सफाईची वर्दळ कमी असलेला एखादा तुकडा शोधावा.

जागा निवडताना

एकाच किनाऱ्यावरचा १०० मीटर लांबीचा सलग पट्टा निवडावा. ही लांबी मनाने ठरवलेली नाही. युरोपातील सागरी पर्यावरणविषयक ऑस्पार कराराखालील मोजणीत आणि अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामानविषयक संस्थेच्या पद्धतीतही हीच लांबी धरतात, त्यामुळे पुढेमागे आपले आकडे इतरांच्या शेजारी ठेवता येतात. पट्टा वाळूचा असावा, बाराही महिने तेथे पायी पोहोचता यावे, आणि त्यात जेट्टी, मोठा नाला किंवा कायमचा ढिगारा येऊ नये. शहराच्या किनाऱ्यावर नाल्यापासून फार दूर जाता येत नाही हे खरे. तरीही नाल्याच्या अगदी मुखाशी पट्टा घेतला, तर समुद्राऐवजी त्या नाल्याचीच मोजणी होते. मिठी नदी माहीमच्या उपसागराला मिळते आणि मालाडची खाडी वर्सोव्याजवळ समुद्राला मिळते, म्हणून या दोन ठिकाणी काम करणाऱ्यांनी मुखापासूनचे अंतर नकाशावर मोजून सुरुवातीलाच नोंदवावे.

पट्ट्याची दोन्ही टोके जीपीएसवर टिपावीत. मात्र फोनचे जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होते, म्हणून जवळच्या न हलणाऱ्या खुणेची, उदाहरणार्थ दिव्याच्या क्रमांकित खांबाची किंवा संरक्षक भिंतीतील पायऱ्यांची, जोड द्यावी आणि प्रत्येक टोकावरून चारही दिशांचे छायाचित्र घ्यावे. वाळूत ठोकलेली खुंटी मुंबईत दुसऱ्या दिवशीही जागेवर सापडेल याचा भरवसा नाही.

साध्या मोजणीसाठी किनाऱ्यावर जाण्यास सर्वसाधारणपणे कोणाला विचारावे लागत नाही. पण गट मोठा असेल किंवा कचरा उचलायचा असेल, तर संबंधित विभाग कार्यालयाच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याला आधी पत्र द्यावे : गिरगावसाठी डी, दादर-माहीमसाठी जी उत्तर, जुहू-वर्सोव्यासाठी के पश्चिम आणि अक्सासाठी पी उत्तर. उचललेली पोती नेण्यासाठी गाडी कधी येणार हे ठरल्याशिवाय पोती भरू नयेत. भरतीने ती पुन्हा समुद्रात जातात आणि सकाळची मेहनत वाया जाते. ड्रोन उडवण्यास शहरात स्वतंत्र परवानगी लागते, तेव्हा त्याचा मोह टाळलेलाच बरा.

तिथी पाहून दिवस ठरवा

या कामातले बहुतेक घोटाळे वेळ चुकल्यामुळे होतात. मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांच्या वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतात. कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे चांगला उपयोगी पडतो : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊला ओहोटी, अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. हा अदमास आहे; जाण्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी तो ताडून पाहावा.

याच हिशेबाने द्वितीयेला पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातच्या आणि तृतीयेला सव्वाआठच्या आसपास येते. ऊन चढलेले नसते, गर्दी नसते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने वर आणून टाकलेला कचरा अजून वाळूवर असतो. म्हणून दर महिन्याला वद्य द्वितीया किंवा तृतीया धरावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. तीच तिथी पुन्हा साडेएकोणतीस दिवसांनी येते, त्यामुळे दोन मोजण्यांमधील अंतर आपोआप सारखे राहते आणि प्रत्येक वेळी समुद्रही जवळपास त्याच अवस्थेत भेटतो. इंग्रजी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणारे गट कधी उधाणात तर कधी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान, भरतीत किनाऱ्यावर पोहोचतात आणि मग आकड्यांतील चढउतार कचऱ्याचा की चंद्राचा हे कळेनासे होते. तिथी कामाच्या वारी आली तर अडचण होते हे मान्य. त्यासाठीच गटात कचेरीला जाण्यापूर्वी दोन तास काढू शकणारी माणसे हवीत. वार मात्र तक्त्यात जरूर लिहावा, कारण जुहूसारख्या ठिकाणी सोमवारच्या सकाळची वाळू रविवारच्या संध्याकाळची साक्ष देत असते.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी काम सुरू करावे, म्हणजे पाणी परत वळण्यापूर्वी ते संपते.

आखणी

सोबत ५० मीटरची टेप, दोरी, बांबूच्या आठ काठ्या, पेन्सिल, छापील तक्ते लावलेले लिहिण्याचे पॅड, स्प्रिंगचा वजनकाटा, चिमटे, जाड हातमोजे आणि छायाचित्रांत मापासाठी ठेवायला १५ सेंटिमीटरची पट्टी एवढे पुरेसे होते. शाईचे पेन दमट हवेत दगा देते.

१०० मीटरच्या पट्ट्याचे किनाऱ्याला समांतर अंतर मोजून ५ मीटर रुंदीचे २० भाग कल्पावेत आणि त्यांना १ ते २० क्रमांक द्यावेत. त्यांतून प्रत्येक वेळी चार भाग चिठ्ठ्या टाकून निवडावेत. चिठ्ठ्या घरून काढून न्याव्यात. किनाऱ्यावर उभे राहून निवड केली की नजर आपसूक जास्त कचऱ्याच्या भागाकडे वळते. निवडलेल्या प्रत्येक भागाची हद्द पाण्याच्या कडेपासून मागे संरक्षक भिंत, झाडी किंवा रस्ता लागेपर्यंत दोरीने आखावी आणि तिची लांबी मोजून लिहावी.

ही लांबी का महत्त्वाची, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, चार भागांत मिळून ४८० वस्तू सापडल्या. उधाणाच्या ओहोटीत प्रत्येक भाग १२० मीटर लांब भरला, तर क्षेत्रफळ २,४०० चौरस मीटर आणि घनता चौरस मीटरला ०.२ वस्तू. भांगाच्या दिवसांत पाणी कमी मागे हटते, भाग ६० मीटरच भरतो आणि त्याच ४८० वस्तूंची घनता ०.४ निघते. कचरा तेवढाच, आकडा दुप्पट. जुहू किंवा अक्सासारख्या सपाट किनाऱ्यांवर हा फरक मोठा पडतो. म्हणून घनतेबरोबरच ‘१०० मीटर किनाऱ्यामागे वस्तू’ हाही आकडा काढावा. चार भाग मिळून २० मीटर होतात, तेव्हा एकूण संख्येला पाचने गुणायचे. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा २,४०० येतील. मला स्वतःला मुंबईसाठी हाच आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो.

आखलेल्या प्रत्येक भागाचे पुन्हा दोन कप्पे करावेत : पाण्यापासून ताज्या भरतीरेषेपर्यंतचा, रेषेसह, आणि त्यामागचा कोरड्या वाळूचा. पहिल्यातले बरेचसे समुद्राने आणलेले असते, दुसऱ्यातले बरेचसे फिरायला आलेल्या माणसांनी टाकलेले. भेळेच्या कागदी बशा आणि चहाचे कप मागे, दोरांचे तुकडे आणि झिजलेल्या बाटल्या पुढे, असे चित्र बहुधा दिसते. दोन्ही एकत्र लिहिले, तर उपाय कोणाकडे मागायचा हेच कळत नाही.

मोजणी

जोडीने काम करावे. एकाने चालत वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारावे, दुसऱ्याने तक्त्यात खूण करावी. जागेवरून जागेवर न भटकता, शेतात नांगर फिरवावा तसे दोरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने जावे. सर्वांत लांब बाजू २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असलेली प्रत्येक मानवनिर्मित वस्तू मोजायची. त्याहून लहान तुकडे या मोजणीत धरायचे नाहीत, नाही तर दमलेली नजर कुठे थांबते यावर आकडा ठरतो. बाटलीची झाकणे बहुधा या मर्यादेच्या काठावर असतात, म्हणून ती कशी धरायची हे पहिल्याच दिवशी ठरवून पुढे बदलू नये.

मुख्य गट जगभर साधारण सारखे आहेत : प्लास्टिक, धातू, काच, रबर, प्रक्रिया केलेले लाकूड, कापड, कागद आणि इतर. प्लास्टिकच्या खालचे पोटगट मात्र आपल्या किनाऱ्याचे असावेत. परदेशी तक्ता जसाच्या तसा वापरला, तर येथल्या कचऱ्याचा मोठा भाग ‘इतर’ या रकान्यात कोंबला जातो. दुधाच्या पिशव्या आणि त्यांचे कापलेले कोपरे, गुटखा व पानमसाल्याच्या पुड्या, शांपूचे पाऊच, वेफर्सची चकचकीत पाकिटे, चपला, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे आणि दोर, टूथब्रश, लायटर, डायपर, मूर्तींचे प्लास्टर ऑफ पॅरिसचे अवशेष, निर्माल्याच्या पिशव्या यांना स्वतंत्र ओळी द्याव्यात. निर्माल्यातील फुले-पाने मोजायची नाहीत. ज्या पिशवीतून ती सोडली ती मोजायची.

वाद टाळण्यासाठी काही नियम आधीच लिहून ठेवावेत. झाकण लावलेली बाटली ही एकच वस्तू. चप्पल अर्धी असली तरी ओळखू येते, तोवर ती चप्पलच. ओळखू येत नसलेला तुकडा ‘कठीण प्लास्टिकचा तुकडा’ किंवा ‘पातळ प्लास्टिकचा तुकडा’ या ओळीत जातो. हातात घेताना थर्माकोल फुटला तर तो एकच धरावा. वाळूत अर्धवट गाडलेली वस्तू वरून दिसत असेल तर मोजावी, पण उकरून शोध घेऊ नये. गुंतलेल्या जाळ्याचा गोळा एक वस्तू म्हणून लिहून त्याची लांबी-रुंदी आणि जमल्यास वजन नोंदवावे; तो उचलण्यापूर्वी आत खेकडा किंवा मासा अडकला आहे का ते पाहावे. जाळे कोणत्या प्रकारचे हे कळत नसेल, तर जवळच्या कोळीवाड्यातील जाणत्या माणसाला छायाचित्र दाखवावे. मात्र प्रश्न विचारण्याची रीत सांभाळावी. जाळे हे कोळी बांधवांचे भांडवल असते, ते कोणी हौसेने समुद्रात टाकत नाही, आणि शहराच्या कचऱ्याने त्यांचीच जाळी भरून येतात. तेव्हा आरोपाचा सूर लागला की पुढची माहिती बंद होते.

वस्तूंवरील खुणाही वाचाव्यात. बाटलीवर बार्नेकल या समुद्री जीवाचे कवच चिकटलेले असेल, तर ती बराच काळ पाण्यात तरंगत होती. भरतीरेषेवर जलपर्णीचे पुंजके दिसले, तर नदी-नाल्यांचे गोडे पाणी नुकतेच जोरात आले आहे. वेष्टनावरील उत्पादनाची तारीख आणि कंपनीचे नाव वाचता आले, तर वेगळ्या कागदावर लिहावे. प्लास्टिकची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांच्या चर्चेत अशा नोंदी उपयोगी पडतात.

दर चार भागांपैकी एक भाग दुसऱ्या जोडीने स्वतंत्रपणे पुन्हा मोजावा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर वस्तूंची नावे सर्वजण एकाच अर्थाने वापरत आहेत का ते तपासावे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक गट ती गाळतात, पण महापालिकेच्या बैठकीत ‘तुमच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा’ असे विचारले गेले, तर दाखवायला हीच नोंद हाताशी असते.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचे वारे आणि मोठ्या भरत्या शहराने वर्षभर दिलेला कचरा परत आणून टाकतात. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊच नये. इतर दिवशी कचऱ्याचा गुडघाभर थर पडलेला असेल, तर एकेक वस्तू मोजण्याचा हट्ट सोडावा. त्याऐवजी प्रत्येक भागात चिठ्ठीने ठरवलेल्या जागी १ मीटर बाय १ मीटरची चौकट ठेवावी, तेवढ्यातील कचरा वेगळा काढून वस्तू मोजाव्यात व वजन करावे, आणि संपूर्ण थराची लांबी, रुंदी व जाडी लिहावी. तक्त्यावर ‘चौकट पद्धत’ असे ठळक नमूद करावे, म्हणजे हे आकडे नेहमीच्या आकड्यांत मिसळणार नाहीत. गणेश विसर्जनानंतरची मोजणीही जादा म्हणून वेगळी ठेवावी.

याच दिवसांत वाळूवर डांबराचे गोळे येतात. ते हाताने उचलू नयेत. किती लांबीत पसरले आहेत आणि साधारण आकार काय, एवढे लिहून छायाचित्र घ्यावे.

जपायचे काय

बंद बूट सक्तीचे, कारण काच आणि सुया वाळूत दिसत नाहीत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. सिरिंज, सलाइनच्या नळ्या, औषधांच्या कुप्या आढळल्यास फक्त मोजाव्यात, उचलू नयेत आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे. बंद पिंपे किंवा संशयास्पद पाकिटे उघडू नयेत. २०२३ मध्ये रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली होती. अशा वेळी पोलिसांना कळवून दूर थांबावे.

पावसाळ्यात येणारी ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा दिसणारा निळा समुद्री जीव, मेलेली दिसली तरी डंख करते. डंख झाल्यास चोळू नये, समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकावे. श्वासाला त्रास वाटल्यास लगेच १०८ वर फोन करावा. पाण्यात उतरण्याची या कामात कोठेही गरज नाही. अक्साचा किनारा तर बुडण्याच्या घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे.

कासव किंवा डॉल्फिन किनाऱ्याला लागलेले दिसले, तर ते पाण्यात ढकलू नये. गर्दी हटवावी, सावली करावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

नोंदींचे पुढे काय

त्याच दिवशी संध्याकाळी कागदी तक्ते एक्सेलमध्ये भरावेत आणि मूळ कागदांची छायाचित्रे जपून ठेवावीत. प्रत्येक ओळीत तारीख, तिथी, वार, भागाचा क्रमांक, कप्पा, भागाची लांबी, वस्तू, संख्या, मागील सफाई, वारा-पाऊस आणि मोजणाऱ्यांची नावे असावीत. क्लीन स्वेल किंवा मरीन डेब्रिस ट्रॅकर या अ‍ॅपवर आकडे जरूर टाकावेत, त्यामुळे ते जागतिक साठ्यात जातात. पण मूळ नोंद आपल्याकडेच ठेवावी, कारण आपले कप्पे आणि पोटगट त्या अ‍ॅपच्या यादीत बसतीलच असे नाही.

निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही, पार पडल्याशिवाय ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे काही जाहीर करू नये. त्यानंतर विभाग कार्यालयाला दोन पानांचे टिपण द्यावे आणि त्यात सगळे आकडे न ओतता एकच नेमकी मागणी करावी : अमुक नाल्याच्या मुखाशी जाळी बसवावी, किंवा कोरड्या वाळूच्या कप्प्यात सर्वाधिक कप सापडतात, म्हणून तेथे संध्याकाळी कचरापेट्या वाढवाव्यात. जाळी बसली, पेट्या आल्या, तर त्याची तारीख तक्त्यात लिहावी आणि मोजणी थांबवू नये. उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या आकड्यांतूनच दिसते.

एखाद्या महिन्यात पाऊस, परीक्षा किंवा आजारपण यांमुळे मोजणी हुकली, तर त्या महिन्याचा रकाना रिकामा सोडून कारण लिहावे. तेथे शून्य लिहू नये आणि मागच्या-पुढच्या आकड्यांची सरासरी काढून तर मुळीच भरू नये.